पायाचं माप सोबत पाठवावं

फाटकावर पाटी होती : ‘खोली भाड्याने देणे आहे. पंखा आवाज करतो. दुपारी नळाला पाणी नसते. मालकीण बोलते.’

एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत मला नुकतीच नोकरी लागली होती आणि जालन्यात खोली शोधत मी दोन दिवस फिरत होते. तोवर पाहिलेल्या सगळ्या पाट्या ‘हवेशीर, प्रशस्त’ होत्या आणि खोल्या कोंदट निघाल्या होत्या. या पाटीपाशी मी थांबले. कडी वाजवली. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, सुती साडी आणि मनगटावर सैल झालेलं पुरुषी घड्याळ अशा एका बुटक्या बाईंनी दार उघडलं.

“पाटी वाचली?”

“हो.”

“सगळी?”

“हो. पंख्याचा आवाज चालेल मला.”

“कशावरून? ऐकला का अजून?”

त्यांनी मला वर नेलं, पंखा लावला आणि त्याच्याखाली खुर्चीत बसवलं. घाट चढणाऱ्या जुन्या जीपसारखा तो पंखा होता. चांगला वेळ बसवून ठेवल्यावर त्या म्हणाल्या, “आता बोल.”

मी खोली घेतली. जालना सोडूनही आता काही वर्षं झाली, लग्न झालं, गाव बदललं. पण कुणी काही ठासून सांगू लागलं की माझ्या कानात आधी तो पंखा सुरू होतो आणि मागून बाईंचा आवाज येतो : कशावरून?

त्यांना सगळं जालना ‘बाई’च म्हणायचं. मुलींच्या शाळेत त्या आयुष्यभर शिकवत होत्या आणि शेवटी मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्या. बँकेतली मॅनेजर, दवाखान्यातली डॉक्टर, तहसीलमधली कारकून, कुणीही त्यांच्या हाताखालून गेलेली असायची आणि बाई समोरून येताना दिसल्या की पदर नीट करायची. डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, “या गोळ्यांनी थोडं बरं वाटेल.” बाई म्हणाल्या, “थोडं म्हणजे किती? अन् कधीपासून? तुला भूमितीत बी असंच मोघम लिहायची सवय होती.” डॉक्टरीणबाईंनी औषधाची चिठ्ठी परत घेतली आणि वेळा घालून पुन्हा लिहिली.

दूधवाला रोज म्हणायचा, “बाई, आज दूध एकदम घट्ट हाये.” बाई रोज विचारायच्या, “कशावरून?” शेवटी तो फाटकातच मापं ओतून “दूध हाये” एवढंच म्हणून निघून जायला लागला. लग्नपत्रिका आली की त्या लाल पेन्सिल घेऊन बसायच्या. “‘आग्रहाचे निमंत्रण’ म्हणं. आग्रह कुठं केला? दाराखालून सरकवून पळाला.” मी कामावरून आल्यावर “उन्हानं जीव चाललाय” म्हणाले, तर त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाल्या, “जीव चाललेला माणूस दोन जिने चढून येत न्हाई. बस.”

स्वतःलाही त्यांची सूट नव्हती. कुणी पाहुणे आले की पोह्यांची बशी पुढं करताना सांगायच्या, “मीठ कमी पडलंय. शेंगदाणे चांगले आहेत.” पाहुणे हसायचे आणि बशी चाटून पुसून खायचे, कारण शेंगदाणे खरंच चांगले असायचे.

बाईंचे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि लेखक होते. मी त्या घरात राहायला गेले त्याच्या आधीच ते वारले होते, पण घरभर त्यांचा वावर असल्यासारखा वाटायचा. मनगटावरचं घड्याळ त्यांचंच. मास्तरांनी कथा-कविता लिहिल्या नाहीत. आठवडी बाजार, जिनिंगचे कारखाने, नदीकाठची गावं, बैल पारखणारे दलाल, पत्र्याच्या पेट्या करणारे कारागीर, असं जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं. जिल्ह्यात त्यांना मान होता. ते गेले तेव्हा वर्तमानपत्रात छापायला बाईंनी स्वतः मजकूर लिहून दिला. त्यात ‘दुःखद निधन’ नव्हतं की ‘पोकळी’ नव्हती. त्यात लिहिलं होतं की त्यांचं अक्षर वाईट होतं, ते गोड खात, कुठंही वेळेवर पोचत नसत आणि घरातल्या दोन माणसांपैकी जास्त हसणारा माणूस गेला आहे. ते कात्रण अनेकांनी जपून ठेवलं होतं. मी ते भोकरदनला माझ्या आईला वाचून दाखवलं, तर आई डोळे पुसत म्हणाली, “माझ्या वेळेला असंच लिही.”

दुसऱ्या वर्षी बाईंनी मास्तरांच्या नावानं पुरस्कार सुरू केला. जिल्ह्यातल्या माणसानं लिहिलेल्या, खऱ्याखुऱ्या गोष्टींवरच्या पुस्तकाला. त्याचं पत्रक असं होतं : ‘कथा, कविता, कादंबरी पाठवू नये. पाठवल्यास वाचली जाईल, बक्षीस मिळणार नाही. पुस्तकाच्या तीन प्रती पाठवाव्यात. पायाचं माप सोबत पाठवावं.’

पायाचं माप अशासाठी, की बक्षीस म्हणून चपलांचा जोड मिळायचा. बाजारात एक कारागीर होते, त्यांच्याकडून बाई तो मापानुसार शिवून घ्यायच्या. जाड तळाचा, कडक टाक्याचा, वर्षानुवर्षं टिकणारा. शाल का नाही असं कुणी विचारलं की म्हणायच्या, “शाल पांघरून माणूस झोपतो. खरं लिहायचं तर हिंडावं लागतं.”

दर वर्षी दिवाळीनंतर पोस्टानं पाकिटं यायची आणि प्रत्येक पाकिटात कागदावर पेन्सिलीनं गिरवलेलं एक पाऊल असायचं. कुणी मोजा घालून गिरवलेलं, कुणाचा अंगठा कागदाबाहेर गेलेला. एकानं तर घरातल्या सगळ्यांची पावलं पाठवली होती, ‘योग्य वाटेल त्याची करावी’ अशा सूचनेसह. बाई ती सगळी पावलं जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवायच्या. बाहेरून येणाऱ्याला वाटावं, घरातून वरात चालत गेलीय.

निवड करायला तिघं होतो. बाई; मास्तरांची सगळी पुस्तकं ज्यांच्या छापखान्यात छापली गेली ते चाचा; आणि मी. मी म्हणाले होते, “बाई, मला साहित्यातलं काय कळतं?”

“तू बियाणं तपासतीस ना?”

“हो.”

“मंग झालं. पिशवीवरचं चित्र सगळ्यांचंच चकचकीत असतं. ओल्या कागदावर ठेवलं की कळतं उगवतं का न्हाई. पुस्तकाचं बी तसंच.”

ओला कागद म्हणजे काय ते लवकरच कळलं. पुस्तकात जे लिहिलंय ते जागेवर जाऊन पाहायचं. चाचांचे गुडघे दुखायचे, त्यामुळे हिंडायला बाई आणि मी. एसटीनं, जीपनं, जवळ असेल तर माझ्या स्कूटीवर. पुस्तकात चिंचेखाली शाळा भरत होती असं असेल तर बाई चिंच पाहून यायच्या. चिंच तोडलेली असेल तर बुंधा.

भोकरदनकडच्या एका निवृत्त ग्रामसेवकानं आपल्या गावावर पुस्तक लिहिलं होतं. पुस्तक छान होतं. त्यात एक वाक्य होतं : ‘आमच्या बारवेत हाक मारली की ती सात वेळा परत येते.’ बाईंनी वाक्याखाली लाल रेघ ओढली आणि रविवारी आम्ही त्या गावात. ग्रामसेवक हार घेऊन उभे होते. बाई हार बाजूला ठेवून सरळ बारवेच्या पायऱ्या उतरल्या, पदर खोचला आणि आत तोंड करून ओरडल्या, “कशावरून?”

बारव दोनदा म्हणाली, “वरून, वरून.”

ग्रामसेवकांचा चेहरा पडला. “बाई, सध्या पाणी भरून हाये. उन्हाळ्यात आत रिकामं व्हतं, तवा सात येत्यात.”

“मंग उन्हाळ्यात येते,” बाई म्हणाल्या. मला वाटलं, बोलायची गोष्ट. पण भर मे महिन्यात त्यांनी मला पुन्हा नेलं. तोवर गावात बातमी पसरली होती आणि बारवेभोवती जत्रा जमली होती. बाईंनी हाक मारली. ग्रामसेवकांनी सात मोजल्या, बाईंनी चार, सरपंचांनी पाच, आणि मागच्या दोन बायकांत त्यावरून भांडण लागलं. बाई फार खूश होऊन परत आल्या. ग्रामसेवकांना उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, ते म्हणजे एकच पुष्पगुच्छ आणि एक अट, की पुढच्या छपाईत ‘कितीदा परत येते यावर गावात एकमत नाही’ असं लिहायचं. त्यांनी ते लिहिलं. मला ते वाक्य आधीच्यापेक्षा आवडतं.

एकदा एका पुढाऱ्याचं चरित्र आलं. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. लहानपणी साहेब अनवाणी पायानं कोसच्या कोस शाळेत जात, असं त्यात होतं. बाई साहेबांच्या गावी जाऊन त्यांच्या म्हाताऱ्या आईजवळ बसल्या, दोघींनी एकत्र पान खाल्लं आणि आई म्हणाली, “कशाचा चालतोय? याला सायकल व्हती. ती बी दोनदा हरवली यानं.” पुस्तक साभार परत गेलं. साहेब मात्र दिलदार निघाले. पुढं एका समारंभात भेटल्यावर बाईंच्या पाया पडून म्हणाले, “बाई, सायकलचं मी सांगितलंच न्हवतं हो लिहिणाऱ्याला. त्यानंच मला चालवत नेलं.”

आता ज्या वर्षाचं सांगायचं आहे त्या वर्षी पुस्तकं बरीच आली होती, आणि त्यातलं एक बाकीच्यांपेक्षा सरळ वेगळं होतं. घनसावंगीच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका तरुण मुलीनं ते लिहिलं होतं. गोदावरीवर पूल नव्हते तेव्हा माणसं नदी कशी ओलांडत, यावर. काठाकाठानं हिंडून तिनं म्हाताऱ्या नावाड्यांना बोलतं केलं होतं. नवरी नेणारी नाव, बाळंतीण नेणारी नाव, म्हशीच्या शेपटीला धरून पार झालेला पोस्टमन. वाचताना पाय ओले झाल्यासारखं वाटायचं.

चाचांचा आवाज चांगला होता म्हणून निवडीच्या बैठकीत पुस्तक तेच मोठ्यानं वाचायचे. त्या दिवशी बाईंच्या टेबलावर बसून ते एका नावाड्याचं प्रकरण वाचत होते. वाचता वाचता हळू झाले आणि मग थांबले.

“वाचा की,” बाई म्हणाल्या.

“चष्मा साफ करना पडेंगा, भाभी.”

“आणा इकडं.” बाईंनी पुस्तक घेतलं आणि स्वतः वाचायला लागल्या. नावाडी सांगत होता :

“श्रावणात एक मास्तर आल्ता. पलीकडं मुलगी बघायला चाललो म्हणला. एकटाच. नदी काठोकाठ. नावेत पाय ठेवला अन् पांढराफटक पडला. मधी गेल्यावर त्यानं छत्री उघडली. पाऊस न्हाई, ऊन न्हाई. म्या म्हणलं, छत्री कशाला? तर म्हणला, पाणी दिसू नये म्हणून. एका हातात छत्री, एका हातात माझं धोतर. काठ लागेस्तोवर सोडलं न्हाई. म्या वल्हं मारू का धोतर सांभाळू?”

एरवी यावर तिघंही पोट धरून हसलो असतो. पण कुणी हसलं नाही, आणि त्याचं कारण सांगायला हवं.

मास्तरांच्या सगळ्यात गाजलेल्या पुस्तकात एक प्रकरण आहे. श्रावणात ते मुलगी बघायला निघतात. नदी भरलेली असते, नावाडी नाव सोडायला तयार होत नाही. मास्तर कपडे डोक्याला बांधतात आणि पाण्यात उडी घेतात. मध्यावर दम सुटतो, परत फिरावं असं वाटतं, पण पलीकडं एक मुलगी वाट पाहत असेल म्हणून ते हात मारत राहतात. ही मुलगी म्हणजे बाई. जिल्ह्यातल्या कितीतरी लोकांना ते प्रकरण तोंडपाठ होतं. शाळांच्या स्नेहसंमेलनात ते वाचलं जायचं. घरी येणारा प्रत्येक नवा माणूस विचारायचा, “बाई, ज्यांच्यासाठी मास्तर नदी पोहून आले, त्या तुम्हीच ना?” बाई म्हणायच्या, “मीच ती,” आणि चहा टाकायला उठायच्या.

नव्या पुस्तकात मास्तराचं नाव नव्हतं. लिहिणाऱ्या मुलीला ते ठाऊकही नव्हतं. पण काठावरचं गाव तेच होतं, श्रावण तोच होता.

“दुनिया में एकच मास्तर थोडी है, भाभी,” चाचा म्हणाले.

“छत्री घेऊन मुलगी बघायला आलेला एकच असंल.”

चाचांनी पुस्तक हळूच मिटलं. “मेरी सुनो. बाकी की किताबां बी अच्छी हैं. किसी को कुछ मालूम नै. लिखनेवाली को बी नै. मास्तर के नाम का इनाम, अन् उसमेंच मास्तर को झूठा ठहराना? मैं नयी आवृत्ती छाप रहा हूं, उसी जलसे में निकलनेवाली है. लोगां क्या बोलेंगे?”

“लोकांचं जाऊ द्या. हे खरं का खोटं?”

“लिखनेवाला थोडा नमक डालताच है, भाभी.”

“मंग किती टाकलंय ते बघून येऊ,” बाई म्हणाल्या.

चाचा चहा अर्धा टाकून उठले. दारात चपला घालताना माझ्याकडे बघून म्हणाले, “बेटी, तू तो समझा इनको.” मी काय समजावणार होते? मलाही मनातून वाटत होतं, बाईंनी या वेळी जाऊ नये.

रविवारी आम्ही घनसावंगीची एसटी पकडली. फाटकावरच्या पाटीत जाहीर केल्याप्रमाणे बोलणाऱ्या बाई त्या दिवशी एसटीत पूर्ण वेळ गप्प होत्या. घनसावंगीला ती लेखिका वाट पाहत उभी होती, घाबरलेली. तपासणीचं तिनं ऐकलं होतं, पण तिचं नेमकं काय तपासायचंय ते तिला कळेना. तिघी काळीपिवळीत दाटीवाटीनं बसलो. ती पुढं ड्रायव्हरशेजारी, आम्ही मागं. दोन्ही बाजूंना ऊस लागला तेव्हा बाई बोलायला लागल्या.

“आमच्या ओसरीत बसले होते हे. मी पोहे घेऊन गेल्ते. केस कोरडे. तेल लावून भांग पाडलेला. अन् कोपऱ्यात छत्री. मी तेव्हाच मनात म्हणलं, छत्री घेऊन कुणी पोहतं का?”

“मग विचारलं नाही?”

“लग्नानंतर विचारलं की. आधी म्हणाले, ऊन होतं, केस वाळले. मंग म्हणाले, छत्री काठावर एकाकडून उसनी घेतली. दुसऱ्या साली विचारलं तर म्हणाले, डोक्याला बांधून आणली. दरवेळेला नवं काढायचे.”

“पण बाई, तुम्ही सात हाका मोजायला मे महिन्यात बारवेत उतरलात. इथं कधीच नाही आलात?”

“न्हाई आले. खोटं निघालं असतं तर? घरात दोघंच तर होतो. रोज त्याच माणसाला वाढायचं, त्याच माणसाशी बोलायचं. माझा स्वभाव मला ठाऊक आहे. मी ते धरून बसले असते.”

“आणि आता?”

“आता हे न्हाईत. आता कुणावर धरून बसू?”

नदीकाठच्या त्या गावात नावाडी आजोबा सिमेंटच्या घरापुढं बाजेवर बसले होते. नजर अधू झाली होती, पण आवाज खणखणीत. सुनेनं चहा आणला. बाईंनी आपण कोण ते सांगितलं नाही. बाजेसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि शाळेतल्यासारखं सुरू केलं.

“तो छत्रीवाला मास्तर दिसायला कसा होता?”

“बारका. चष्मा. नाक मोठं.”

“मोठंच होतं,” बाई म्हणाल्या.

आजोबा जरा पुढं वाकले. “तुम्ही कोण म्हणायच्या?”

“ती मुलगी.”

आजोबांच्या तोंडावर हसू पसरत गेलं. लेखिकेनं माझा दंड घट्ट धरला. तिला तेव्हा उमगलं, आपण कुणाबद्दल लिहून ठेवलंय ते.

“येतानाचं झालं,” बाई म्हणाल्या. “जाताना कसा गेला, ते सांगा. ते पुस्तकात न्हाई.”

“ते हिनं इच्यारलंच न्हाई,” आजोबा लेखिकेकडं बोट करून म्हणाले. “जाताना छत्री मिटून मांडीवर. तोंड तुमच्या गावाकडं, पाठ माझ्याकडं. धोतर बी धरलं न्हाई. म्या म्हणलं, मास्तर, भ्याव गेलं का काय? तर म्हणला, मोठा घोटाळा झाला. मुलीच्या बापानं इच्यारलं, एवढ्या पाण्यातून कसे आलात? माझ्या तोंडून निघून गेलं, पोहत. मुलगी दाराआड उभी व्हती. तिनं ऐकलं. आता काय करू?”

“मंग?”

“म्या म्हणलं, करायचं काय, शिका पोहायला. आला की मंग. पाणी उतरल्यावर दर आठवड्याला यायचा. म्या कमरेला दोर बांधून सोडायचो. पाणी गुडघ्याएवढं. दोर धरून उभाच राहायचा, खांबासारखा. थंडी पडली तरी येत राह्यला. दात वाजायचे. न्हाई जमलं ते न्हाईच जमलं. शेवटी म्या म्हणलं, मास्तर, तुम्ही शिकलेले मान्सं, लिहून टाका पोहलो म्हणून.”

बाईंना आधी ठसका लागला. मला वाटलं चहा घशात अडकला. पण त्या हसत होत्या. मी त्यांना तसं हसताना कधीच पाहिलं नव्हतं. खुर्ची हलत होती, चष्मा काढून पदरानं डोळे पुसत होत्या आणि पुन्हा हसत होत्या. “गुडघ्याएवढ्या पाण्यात,” त्या म्हणाल्या. “अन् मला सांगायचे, गुडघे सर्दीनं दुखतात.” आजोबाही हसायला लागले, सून दारात येऊन उभी राहिली, आणि कशावरून हसतोय हे नीट न कळताच तीही हसली.

निघताना बाई काठापर्यंत चालत गेल्या. पलीकडं त्यांचं माहेरचं गाव दिसत होतं. पुलावरून उसाचे ट्रॅक्टर चालले होते. थोडा वेळ उभ्या राहून त्या वळल्या आणि लेखिकेला म्हणाल्या, “पोरी, तू अर्धीच गोष्ट लिहिलीस. गेलेला माणूस परत कसा आला, हे नेहमी विचारायचं असतं.”

“चुकलं, बाई. पुढच्या आवृत्तीत घालते. पण मला खरंच माहीत नव्हतं की ते…”

“माहीत नव्हतं म्हणून तर खरं लिहिलंस. तू पायाचं माप का पाठवलं न्हाईस?”

“मला नाही वाटलं मिळेल.”

“कशावरून?” बाईंनी पिशवीतून कागद काढला, तिथंच मातीवर पसरला आणि त्या मुलीला त्यावर पाऊल ठेवायला लावलं. मग स्वतः खाली बसून लाल पेन्सिलीनं हळूहळू गिरवलं. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा पेन्सिल घातली. ती मुलगी एका पायावर डुलत माझ्या खांद्याला धरून उभी होती आणि गुदगुल्या होतायत हे सांगायची तिची हिंमत होत नव्हती.

जालन्यात परतल्यावर बाई थेट चाचांच्या छापखान्यात गेल्या. मी मागोमाग. चाचा नव्या आवृत्तीची मुद्रितं तपासत बसले होते. बाईंनी नावाड्याचं सगळं सांगितलं, गुडघ्यापर्यंतच्या पाण्यासकट. चाचांनी कपाळाला हात लावला.

“मेरे को मालूम था, भाभी,” ते म्हणाले. “पहली बार छापा, तबीच उन्ने बताया. बोले, चाचा, अब तो छापनाच पडेंगा, घर में बोल चुका हूं.” त्यांनी मुद्रितांचा गठ्ठा पुढं सरकवला. “तो अब? ये पन्ने निकाल दूं?”

“काढायचं कशाला? चांगलं लिहिलंय. मला आवडतं ते.”

“फिर?”

“खाली जागा आहे ना? टीप टाका.” टेबलावरचाच एक कागद ओढून बाईंनी उभ्याउभ्याच लिहिलं आणि दिलं. चाचांनी वाचलं. कागद घेऊन ते आत कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसाकडे गेले.

समारंभ बाईंच्या जुन्या शाळेच्या सभागृहात झाला. पंखे होते, खुर्च्या कमी पडल्या, मागं लोक उभे होते. लेखिकेला चपला मिळाल्या आणि तिनं त्या तिथंच पायात घालून व्यासपीठावर चालून दाखवल्या. पहिल्या रांगेत बाईंनी खास जीप पाठवून आणलेले नावाडी आजोबा बसले होते, नवी टोपी घालून. मग मास्तरांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली, आणि दर वर्षीप्रमाणे लोकांनी मागणी केली, की चाचांनी नदीचं प्रकरण वाचावं.

चाचांनी वाचलं. इतकं सुंदर त्यांनी कधी वाचलं नसेल. उडी, मधली धार, सुटलेला दम, पलीकडची मुलगी. लोक ओठांतल्या ओठांत सोबत म्हणत होते. प्रकरण संपलं, टाळ्या सुरू झाल्या. चाचांनी हात वर केला.

“नीचे टीप है,” ते म्हणाले. आणि चष्मा सारखा करून, एकेक शब्द सुटा सुटा उच्चारत वाचली :

“लेखकाला पोहता येत नव्हते. पाण्याची त्यांना फार भीती वाटे. ते नावेतून आले. आले, हे खरे आहे. — लेखकाची पत्नी.”